मदत हवी आहे: परदेशातल्या निवडणूक कामासाठी अनुभव कसा मांडावा?

मी महसूल खात्यातून स्वेच्छानिवृत्त, वय ५२. म्हणजे सरकारी परवानगीचा प्रश्न नाही. लोकशाही नव्याने उभी राहत असलेल्या देशांत निवडणूक सहाय्याचं काम करायचंय. संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक (यूएनव्ही) च्या संकेतस्थळावर प्रोफाइल भरलंय. पगार नसतो, निर्वाह भत्ता असतो, हे माहीत आहे. इंग्रजी चालतं, फ्रेंच शून्य.

अडचण अशी की माझा बहुतेक अनुभव ईव्हीएमचा. पहाटे ५० मतांचं मॉक पोल (चाचणी मतदान), मग ती मतं पुसायला 'क्लिअर' दाबलं का हे तीनदा बघणं, वगैरे. तिकडे बहुतेक ठिकाणी कागदी मतपत्रिका आणि हाताने मोजणी. मात्र पदवीधर मतदारसंघाच्या दोन मोजण्या केल्यात: पसंतीक्रम, कोटा (जिंकायला लागणारी मतं), आणि आकड्याऐवजी बरोबरची खूण केलेल्या बाद मतपत्रिकांवरची भांडणं! (आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन १९५३ मध्ये सुदानची निवडणूक घ्यायला गेले, तेव्हा कुठे होतं ईव्हीएम?)

कार्यालयाच्या अनुभवाच्या दाखल्यात फक्त 'निवडणूक कर्तव्य बजावले' एवढंच आहे. सविस्तर मागितला, मिळाला नाही.

तिमोर, नेपाळ, अफगाणिस्तान कुठेही असं काम केलेल्यांनी सांगावं: दाखल्याऐवजी नियुक्ती आदेशांच्या प्रती चालतात का? आणि प्रोफाइलमध्ये मोजणीचा अनुभव वर ठेवू की प्रशिक्षणाचा?