प्रतिसाद: फक्त पील नाही, माइकी ड्रेडही

इथल्या चर्चेत कुणीतरी लिहिलंय की रेगे, म्हणजे जमैकाचं संगीत, घराघरात पोचला तो बीबीसी रेडिओचा डीजे जॉन पीलमुळे. पीलचं श्रेय आहेच, मिस्टी इन रूट्ससारखा रेगे बॅंड त्याने किती मनापासून लावून धरला, आणि १९७९ पासून लंडनच्या कॅपिटल रेडिओवर रेगे लावणारा डेव्हिड रॉडिगन होताच. पण ही सगळी लंडनची गोष्ट झाली, खुद्द जमैकात काय चाललं होतं ते चर्चेत कुणी आणलंच नाही. तिथे तेव्हा आरजेआर आणि जेबीसी ही दोनच रेडिओ स्टेशनं होती, आणि दोन्हीकडे परदेशी पॉपच जास्त वाजायचं, म्हणजे राजधानी किंग्स्टनच्या गल्लीत साउंड सिस्टिमवर, म्हणजे रस्त्यावर मोठे स्पीकर लावून, रात्रभर जे चालायचं ते त्याच शहराच्या रेडिओवर क्वचितच ऐकू यायचं. हे मला खरंच अन्यायाचं वाटतं.

ते मोडलं माइकी कॅम्पबेलने, म्हणजे माइकी ड्रेडने. मूळचा जेबीसीचा टेक्निशियन, १९७० च्या दशकाच्या शेवटी त्याला मध्यरात्रीचा स्लॉट मिळाला आणि 'ड्रेड ॲट द कंट्रोल्स' या कार्यक्रमामध्ये त्याने जवळजवळ फक्त जमैकन रेकॉर्ड लावल्या, मधेमधे स्वतः बनवलेल्या भन्नाट जिंगल्स आणि इफेक्ट. लोक त्यासाठी जागे राहायचे! व्यवस्थापनाशी मात्र पटलं नाही, त्याने नोकरी सोडली, आणि पुढे द क्लॅश या ब्रिटिश पंक बॅंडने त्यालाच बोलावून घेतलं, १९८० चं त्यांचं 'बॅंकरॉबर' हे गाणं त्यानेच प्रोड्यूस केलंय, ते ब्रिटिश चार्टवर १२ पर्यंत गेलं. आणि पूर्णवेळ रेगे वाजवणारं आयरी एफएम हे स्टेशन जमैकात सुरू झालं थेट १९९० मध्ये, रेगेचा सर्वात मोठा गायक बॉब मार्ली जाऊन नऊ वर्षं झाल्यावर.