मेंदी आणि इंडिगोने केस काळे करायचेत (आईसाठी), सल्ला हवाय

देवगडकरीण:
नमस्कार मंडळी, आईसाठी विचारतेय. वय ६७, केस जवळजवळ सगळे पांढरे. इतकी वर्षं पार्लरमध्ये जाऊन काळा डाय लावायची पण गेल्या खेपेला कान आणि कपाळ सुजलं, डोकं खाजून खाजून बेजार झाली, डॉक्टर म्हणाले पीपीडीची (काळ्या डायमधल्या रसायनाची) अ‍ॅलर्जी आहे, डाय कायमचा बंद. आता भावाच्या मुलीचं लग्न आलंय आणि तिला काळ्याभोर केसांनी मांडवात मिरवायचंय, तिची ही हौस मला पुरी करायचीच आहे. नुसत्या मेंदीने केस केशरी होतात ते तिला नको. इंडिगोने, म्हणजे निळीच्या पावडरीने, खरंच काळे होतात का? मेंदीत मिसळायची की वेगळी लावायची? आणि आमच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, त्याने काही बिघडेल का?

माडाखाली:
होतात गं, चांगले काळे होतात, फक्त दोन्ही वेगवेगळं लावायचं. एकत्र कालवलंस तर ब्राऊन येईल. मेंदी आदल्या रात्री कोमट पाण्यात लिंबू पिळून भिजव, आम्ही लिंबू नसलं तर आमसुलं भिजवलेलं पाणी घेतो, आंबटपणा हवा एवढंच. आपल्याकडच्या उकाड्यात सकाळपर्यंत रंग सुटतोच, वरचा थर तपकिरी आणि चमचा फिरवला की आत हिरवं, म्हणजे झाली तयार. केसांना आधी तेल नको. दोन-तीन तास ठेव आणि नुसत्या पाण्याने धू.

मग केस टिपून ओलसर असतानाच इंडिगो. ही रात्रभर भिजवायची नाही हे नीट लक्षात ठेव!! कोमट पाणी, चिमूटभर मीठ, इडलीच्या पिठाएवढं सरबरीत, आणि लिंबू दही असलं आंबट काहीच नाही. दहा-पंधरा मिनिटांत हिरव्यावर निळसर काळपट झाक येते, ओल्या पाल्याचा वास सुटतो, की लगेच लावायला घ्यायचं, ठेवून दिलं की जोर उतरतो. हातात ग्लोव्हज घाल आणि न्हाणीतली लादी आधीच ओली करून ठेव नाहीतर निळे डाग बसतात. एक-दीड तासाने धू. तेव्हा केस हिरवट दिसतील, आई घाबरेल, तिला आधीच सांगून ठेव. हवा लागून रंग दोन दिवसांत गडद होतो, तोवर शाम्पू लावायचा नाही.

चिपळूणची_फार्मसिस्ट:
माडाखाली यांनी पद्धत बरोबर सांगितलीय, पण ताई तुमच्या आईंच्या बाबतीत पाकीट आधी बघा. बाजारात "काळी मेंदी" म्हणून मिळते त्यातल्या बऱ्याच पाकिटांत पीपीडीच असतं. मेंदीतला रंग म्हणजे लॉसोन, तो तांबूसच, नुसत्या मेंदीने केस कधी काळे होत नाहीत. त्यामुळे एकाच पावडरीने अर्ध्या तासात काळे केस असं लिहिलेलं काहीही घरात आणू नका. मेंदीच्या पाकिटामागे फक्त लॉसोनिया इनर्मिस (मेंदीचं शास्त्रीय नाव) आणि इंडिगोच्या पाकिटावर फक्त इंडिगोफेरा टिंक्टोरिया (निळीचं) एवढंच लिहिलेलं असायला हवं. तरीही दोन्ही पावडरी वेगवेगळ्या कालवून कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून ४८ तास बघाच, आणि एकदा त्यांच्या डॉक्टरांनाही विचारून घ्या. एवढी सूज येऊन गेलीय तर ही पायरी गाळायची नाही.

देवगडकरीण:
खूप खूप आभार दोघींचे! वाण्याकडे नीळ मागितली तर त्याने कपड्यांची दिली 😐

माडाखाली:
अगं ती नको, तिचा केसांशी काही संबंध नाही! निळीच्या झाडाच्या पानांची पावडर हवी, आयुर्वेदिक दुकानात इंडिगो पावडर म्हणून माग. रंगाला हिरवी असायला हवी. पाकीट उघडलं की घट्ट झाकणाच्या डब्यात भर, आपल्या पावसाळ्यात दमट हवेने पार वाया जाते. म्हणून मी जूनच्या आत लागेल तेवढीच आणते.

मालवणी_माणूस:
आवशीक सर्दीचो त्रास आसा तर दुपारीच लाव गो, संध्याकाळी नको. मेंदी थंड पडता. मचूळ पाण्याचा म्हणशील तर आमच्याकडे बायको कालवूक आणि शेवटच्या धुण्याक प्यायचाच पाणी घेता, केस राठ होनत नाय.

देवगडकरीण:
लग्नाच्या किती आधी लावू?

माडाखाली:
तीन-चार दिवस आधी, म्हणजे हिरवट झाक गेलेली असेल. आणि त्याच्या आधी महिनाभर एकदा पूर्ण करून बघ, कारण कपाळाजवळचे आणि कानशिलावरचे पांढरे केस हट्टी असतात, तिथे इंडिगो दुसऱ्यांदा लावायला लागू शकते. मग लग्नाच्या वेळी नुसत्या मुळांना आणि त्या कडांना लावलंस की काम झालं.