शब्दचर्चा : भक्त कपट करतो तेव्हा देव करतो ती 'शिक्षा', 'शिस्त' की 'शासन'?

पाटी_पेन्सिल
रविवारच्या शाळेतल्या मोठ्या मुलांसाठी याकोबाचा पाठ मराठीत लिहायचा आहे. आंधळ्या बापाला, इसहाकाला, आपण थोरला भाऊ एसाव असल्याचं भासवून त्याचा आशीर्वाद लाटणारा आणि मग मामाकडे, लाबानाकडे पळालेला तोच याकोब. अडचण शब्दाची आहे. बायबलमधल्या 'इब्री लोकांस पत्र' 12:6 मध्ये (अध्याय 12, वचन 6) प्रभू ज्याच्यावर प्रीती करतो त्याला 'शिक्षा' करतो, असं आपल्या मराठी पवित्र शास्त्रात आहे. मुलांना शिक्षा म्हणजे कोंबडा करणं, अंगठे धरून उभं राहणं. इथे 'शिस्त' लिहिलं तर चालेल का? आणि त्याच वाक्याशेजारी 'दया' लिहायची की 'कृपा'?

गोदाकाठ
'शिस्त' नको. तो फारसीकडून आलेला शब्द, मूळ अर्थ नेम धरणे. त्यावरून सरळ रांग, टापटीप, कवायत. शिस्त बाहेरून दिसते, याकोबाचं जे झालं ते आतलं आहे.

'शासन' वाईट नाही. संस्कृतातल्या शास् या एका धातूपासून शासन, शास्त्र आणि शिष्य हे तिन्ही शब्द आले, म्हणजे शिकवणं आणि दंडणं दोन्ही त्यात आहे. पण आज 'शासन' म्हटलं की डोळ्यांसमोर मंत्रालय आणि जीआर येतो. मुलं हसतील.

खडूफळा
मी 'शिक्षा' शब्दाच्या बाजूने आहे. मूळ ग्रीकमध्ये तिथे 'पायदेइया' आहे, 'पाईस' म्हणजे मूल, त्यावरून मुलाला वाढवणं, वळण लावणं. त्याच घराण्यातलं क्रियापद नव्या करारात कुठे कुठे येतं ते बघा:

प्रेषितांची कृत्ये 22:3 मध्ये पौल आपल्या गुरूच्या, गमलिएलाच्या, पायाशी 'शिकला'.
लूक 23:16 मध्ये रोमी सुभेदार पिलात येशूला 'फटके मारून सोडतो' म्हणतो.

क्रियापद एकच. म्हणजे ग्रीक माणसालाही एका शब्दात शाळा आणि चाबूक दोन्ही ऐकू यायचे. आपल्या 'शिक्षा'चं तेच आहे. संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकणं, हिंदीत अजूनही शिक्षणच, मराठीत मात्र दंड. तरी बोलीत सांधा तुटलेला नाही. 'चांगला धडा शिकवला' म्हणतो तेव्हा कुणी पुस्तक उघडलेलं नसतं. शब्द तसाच ठेवा, खाली एक ओळ टीप द्या. शब्द बदलून अर्थ सौम्य करण्यापेक्षा ते बरं. इब्री 12:11 स्वतःच म्हणतं की ही गोष्ट त्या वेळी आनंदाची वाटत नाही. 'शिस्त' लिहिलंत तर ते वाक्य पोकळ होतं.

पाटी_पेन्सिल
पटलं. पण याकोबाला देवाने शिक्षा केली असं उत्पत्तीच्या पुस्तकात कुठे लिहिलंय? पळताना बेथेलला देव भेटतो, तिथे तर एक शब्द रागाचा नाही.

बेथेलवाट
बरोबर, आणि तिथेच खरी मजा आहे. (जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती वसाहत वसवली तिला बेथेल हेच नाव दिलं. इकडच्या मुलांना नाव ऐकून माहीत असतं, त्यामागचा पळपुटा माणूस माहीत नसतो.)

उत्पत्ती 28 मध्ये बापाला फसवून पळालेला माणूस दगड उशाला घेऊन झोपतो आणि देव त्याला वचन देतो : मी तुझ्याबरोबर आहे, तुला या देशात परत आणीन. खडसावणं नाही. ही दया. शिक्षा पुढच्या अध्यायात सुरू होते, आणि तिथे देव बोलतच नाही, लाबान बोलतो. आपल्याकडे म्हणतात ना, देवाच्या काठीला आवाज नसतो.

मूळ शब्द धरून वाचा, साखळी दिसते. 27:35 मध्ये इसहाक म्हणतो, तुझा भाऊ कपटाने आला. इब्री (हिब्रू) भाषेतला शब्द 'मिर्मा', म्हणजे कपट. 29:25 मध्ये लग्नानंतरच्या सकाळी राहेलऐवजी तिची थोरली बहीण लेआ दिसल्यावर याकोब लाबानाला विचारतो, मला का फसवलंस? तोच धातू. लाबानाचं उत्तर तर मीठ चोळणारं आहे : आमच्याकडे थोरलीच्या आधी धाकटी देत नाहीत. डोळ्यांपुढे अंधार झालेल्या बापाला 'मी तुझा थोरला एसाव' म्हणणाऱ्या धाकट्याला, अंधारातच थोरली मिळाली.

हिशेब : राहेलसाठी 7 वर्षं, फसवणुकीमुळे आणखी 7, मग कळपासाठी 6. एकूण 20 (31:41). मजुरी 10 वेळा बदलली. आई रिबका म्हणाली होती, 'थोडे दिवस' भावाकडे राहा. त्यानंतर मायलेकरांची भेट झाल्याचं शास्त्रात नाही.

आणि शेवट बोकडाने. 27 मध्ये करडांची कातडी हाताला गुंडाळून बापाला फसवलं. 37:31 मध्ये याकोबाच्याच मुलांनी बोकडाच्या रक्तात भावाचा, योसेफाचा झगा बुडवून बापापुढे टाकला, 'ओळखा' म्हणाले. इसहाकाने त्याला 'ओळखलं नाही', तिथेही इब्री क्रियापद हेच.

सव्वाशेर
ठकास महाठक. पाठाचं नाव हेच ठेवा.

गोदाकाठ
नाव म्हणून झकास, पण त्यात देव गायब होतो. मुलं 'लाबान भारी' एवढंच घेऊन घरी जातील.

एक सावधगिरी. 'मिर्मा'ला संस्कृतच्या सवयीने 'छळ' लिहू नका. संस्कृतात आणि हिंदीत छल म्हणजे कपट, मराठीत छळ म्हणजे गांजणं. 'याकोबाने बापाचा छळ केला' म्हटलं की म्हाताऱ्याला मारहाण केल्यासारखं होतं. कपट, फसवणूक, लबाडी चालेल. अब्राहामाने बायकोला, सारेला, बहीण म्हटलं (उत्पत्ती 12 आणि पुन्हा 20) त्याला मात्र 'लबाडी'ही नेमकं बसत नाही. 20:12 प्रमाणे ती खरंच सावत्र बहीण होती. त्याला मराठीत तयार शब्द आहे, 'नरो वा कुंजरो वा'. तिथेही धर्मराज खोटं बोलला नाही, आवाज खाली घेतला. आणि जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. रथ मोडला नाही, हे लक्षात घ्या.

जाता जाता : संस्कृतात 'व्याज' म्हणजेही कपट, बहाणा. म्हणून 'निर्व्याज प्रेम'. बँकेच्या व्याजाशी त्याचा अर्थ जोडून पाठात विनोद करायचा मोह होईल, आवरा.

दखनी_बोली
'दया' की 'कृपा' राहिलंच. वाक्यात टाकून बघा. 'मला त्याची दया आली' म्हणतो, 'कृपा आली' कुणी म्हणत नाही. कृपा 'होते'. दया काळजातून उठते, कृपा वरून उतरते. बेथेलचं वचन कृपा. वीस वर्षांत लाबानाच्या हातून वाचवणं दया.

इब्रीत दोन वेगळे शब्द आहेत. 'रहमीम', त्याचं नातं 'रेहेम' म्हणजे गर्भाशयाशी. अरबीत तोच धातू, म्हणून रहीम, रहमान, आणि निजामाच्या राज्यात 1948 पर्यंत राहिलेल्या आपल्या मुलखात 'रहम' कुणाला समजावून सांगावा लागत नाही. दुसरा 'हेसेद', कराराला धरून राहणारी माया. स्तोत्र 136 मध्ये त्याला 'दया' म्हटलंय (त्याची दया सनातन आहे), स्तोत्र 51 मध्ये 'वात्सल्य'. वत्स म्हणजे वासरू, त्यावरून वात्सल्य. गाय चिखलातल्या वासराला चाटते तेव्हा चिखल नाही असं म्हणत नाही.

खडूफळा
दया आणि शिक्षा एकाच वाक्यात हवी असेल तर 2 शमुवेल 7:14-15 घ्या. दावीदाच्या वंशजाने अपराध केला तर काठीने शासन करीन, पण माझा हेसेद त्याच्यापासून काढणार नाही. स्तोत्र 89:32-33 मध्ये हेच पुन्हा येतं आणि शेवटी मूळ शब्द असे आहेत की देव म्हणतो, मी माझ्या विश्वासूपणात 'खोटा' होणार नाही. भक्त कपट करतो, म्हणून देव उलट कपट करत नाही.

तिथल्या काठीला 'शेवेत' म्हणतात. स्तोत्र 23 मध्येही तोच शब्द आहे. आपल्या भाषांतरात 'आकडी' आणि 'काठी' दोन्ही आहेत, आणि हे धनगराला विचारा : आकडीने बाभळीच्या शेंगा खाली ओढायच्या, काठीने लांडगा हाकायचा आणि पिकात शिरणारं मेंढरू वळवायचं. काठी मेंढराच्या पायावर घालत नाहीत. पाय मोडलेलं मेंढरू खांद्यावर घ्यावं लागतं.

सव्वाशेर
याकोबाची मांडी तर देवानेच उखळली ना? उत्पत्ती 32:25.

बेथेलवाट
चांगलं अडवलंत. हो, आणि तो जन्मभर लंगडला असावा. पण त्या रात्री याकोबाशी झोंबी घेणाऱ्याचा प्रश्न बघा : तुझं नाव काय? पहिल्यांदा 'तू कोण' असं बापाने विचारलं तेव्हा त्याने एसाव सांगितलं. आता 'याकोब' म्हणाला. टाच धरणारा, आणि एसावाच्या तोंडी (27:36) ठकवणारा. नाव सांगणं हाच कबुलीजबाब होता. त्यानंतरच इस्राएल हे नाव आणि आशीर्वाद मिळाला. म्हणून तिथे 'शिक्षा' नको, 'खूण' म्हणा.

पाटी_पेन्सिल
आणि राजा दावीद? उरीयाची बायको घेतली, उरीयाला लढाईत मारवलं. तरी त्याला 'तू मरणार नाहीस' म्हटलं, आणि त्याचं मूल गेलं. मुलं विचारतील, माफ केलं तर पुन्हा कशाला?

दखनी_बोली
हा प्रश्न मराठवाड्यातल्या पोरांना सोपा जावा. कर्जमाफी झाली की सातबाऱ्यावरचा बोजा उतरतो. वाळलेलं सोयाबीन उभं राहत नाही. 2 शमुवेल 12:13 मध्ये बोजा उतरला. उरीयाच्याच हाती त्याच्या मरणाचं पत्र दिलं होतं, उरीया परत येणार नव्हता. आणि गरिबाचं मेंढरू बळकावणाऱ्याची गोष्ट ऐकून 'चौपट भरून द्यावं' हा निकाल दावीदाने स्वतःच दिला होता (12:6), निर्गम 22:1 प्रमाणे एका मेंढराला चार.

पण त्या बाळाचा मृत्यू या दाखल्यात कोंबू नका. ते पीक बाळाने पेरलं नव्हतं. तिथे मुलांना सरळ वचन वाचून दाखवा आणि थांबा.

पाटी_पेन्सिल
ठरलं. 'शिक्षा' तशीच, टीपेत 'धडा शिकवणे'. बेथेलला 'कृपा', लाबानाकडे 'दया', मांडीला 'खूण', कपटाला 'कपट'. 'छळ' दोन ठिकाणी लिहिला होता, खोडला.