अ‍ॅबाचा ‘व्हॉयेज’: दाद गाण्यांना मिळाली की आठवणींना?

तलावाकाठचा श्रोता (सोलापूर):
अ‍ॅबा या स्वीडिश चौकडीने १९८१ च्या ‘द व्हिजिटर्स’नंतर थेट ५ नोव्हेंबर २०२१ रोजी ‘व्हॉयेज’ प्रसिद्ध केला, तेव्हा तो मी अधाशासारखा ऐकला होता. गेल्या आठवड्यात सिद्धेश्वर तलावाकाठी फिरताना त्यातली दहाही गाणी पुन्हा सलग ऐकली आणि तेव्हाचाच संभ्रम कायम राहिला. ‘डोन्ट शट मी डाउन’ मी लागोपाठ दोनदा लावले. पण त्याच्या आधीचे ‘लिटल थिंग्ज’, म्हणजे ते बालवृंदासह गायलेले नाताळगीत, अर्ध्यावरच सोडून दिले. हा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या आणि अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचला होता. हे यश गाण्यांचे मानावे की चाळीस वर्षांच्या प्रतीक्षेचे?

जुन्या कॅसेटवाला:
प्रतीक्षेचा वाटा मोठा आहे, हे मान्य. तथापि आपण दोनदा लावलेले गाणे प्रतीक्षेवर उभे नाही. त्यातली स्त्री संध्याकाळी बाकावर बसलेली आहे, बागेतली मुले घरी गेली आहेत, आणि ज्याला सोडून ती गेली होती त्याच्या दारी जाण्याचे धैर्य ती गोळा करते आहे. सुरुवात जवळजवळ बोलल्यासारखी होते, मग पियानोच्या पट्ट्यांवरून बोटे सर्रकन घसरतात आणि ठेका सुरू होतो. सत्तरी ओलांडलेल्या आग्नेता फेल्टस्कोग यांचा आवाज पूर्वीइतका वर चढत नाही, पण या कथेला तोच आवाज हवा होता; विशीतल्या गळ्याला ती पटवून देता आली नसती. ‘बम्बलबी’ आणि ‘ओड टू फ्रीडम’ ही याच अल्बममधली गाणी मात्र प्रतीक्षेवरच तरली असे आपण म्हणालात, तर मी वाद घालणार नाही.

मागावरचा:
आमच्या घरी चादरींचे माग होते, त्यामुळे ‘जस्ट अ नोशन’ ऐकताना मला सांधा लगेच जाणवला. त्यातले गायन १९७८ चे असून वाद्ये नव्याने वाजवलेली आहेत. म्हणजे ताणा जुना आणि बाणा नवा. ताण्याचा तुटलेला धागा जोडला, की डोळ्यांना न दिसणारी गाठ बोटाला लागते, तसे येथे होते. गाणे स्वतंत्रपणे ऐकले तर ते झकास आहे, पण पुढच्याच ‘आय कॅन बी दॅट वुमन’मध्ये तोच गळा चार दशकांनी थकलेला ऐकू येतो आणि अल्बमची वीण उसवते. चौकडीतले गीत-संगीतकार बेनी अँडरसन आणि ब्योर्न उल्व्हेअस यांनी ‘जस्ट अ नोशन’ अल्बमबाहेर स्वतंत्रपणे काढले असते, तर दोन्ही गाण्यांना न्याय मिळाला असता, असे माझे स्पष्ट मत आहे.

सात रस्ता:
स्वागताविषयी एक मुद्दा राहून गेला. समीक्षकांचे मत विभागलेले असतानाही ‘आय स्टिल हॅव फेथ इन यू’मुळे या चौकडीला पहिलेच ग्रॅमी नामांकन मिळाले आणि पुढच्या खेपेस सबंध अल्बमलाही ‘अल्बम ऑफ द इयर’साठी नामांकन मिळाले. मे २०२२ पासून लंडनमध्ये त्यांच्या डिजिटल प्रतिमांचा कार्यक्रमही सुरू झाला, आणि त्या प्रतिमा तरुणपणीच्या आहेत, हे पुरेसे बोलके आहे. तरीही आपण ‘कीप ॲन आय ऑन डॅन’चा शेवट नीट ऐकावा, अशी विनंती आहे. घटस्फोटित आई मुलाला त्याच्या वडिलांकडे सोडून निघते आणि अखेरीस १९७५ च्या ‘एसओएस’मधले पियानोचे स्वर हलकेच येऊन जातात. ज्यांचे संसार याच चौकडीत जुळले आणि मोडले, त्यांनी ते स्वर उगाच ठेवले नसावेत.

तलावाकाठचा श्रोता:
आपण सांगितलेला पियानो आज ऐकला. इतक्या वेळा ऐकूनही तो माझ्या कानांतून निसटला होता, याची लाज वाटली. बालवृंद मात्र आजही अर्ध्यावरच सोडावा लागला.