जिवाला धोका असेल तर समुपदेशकाने सज्ञान मुलाच्या घरी कळवायचं की नाही?

कोरेगावकर
माझा पुतण्या पुण्यात इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. वय २०. दोन विषयांत केटी लागली तेव्हापासून त्याचे घरी फोन कमी झाले. आम्हाला वाटलं, अभ्यासाला लागलाय. दिवाळीनंतर एका रात्री साडेअकराला त्याच्या रूममेटने दादाला फोन केला, "काका, आत्ताच्या आत्ता निघा." दादा-वहिनी गाडी करून पहाटे पोचले. पोरगा वाचला. आता घरी आहे, औषधं चालू आहेत, सकाळी दादाबरोबर आल्याच्या शेतात जातो.

नंतर कळलं, तो दीड महिना कॉलेजच्या समुपदेशकांकडे जात होता. मरणाचे विचार येतात हे त्याने तिथे दोनदा सांगितलं होतं. मी स्वतः जाऊन भेटलो. उत्तर मिळालं, "तो सज्ञान आहे. त्याच्या संमतीशिवाय घरी कळवता येत नाही, तसा कायदा आहे."

वीस वर्षांच्या रूममेटला जे सुचलं ते शिकलेल्या माणसाला का सुचू नये? फी भरायला पालक लागतात, हजेरी कमी पडली की पालकांना मेसेज जातो, आणि जिवावर बेतलं की मुलगा सज्ञान होतो? असा धोका दिसला की घरी कळवणं बंधनकारक करा, आणि जो कळवणार नाही त्याच्यावर कारवाई करा. माझं मत ठाम आहे.

सायली
काका, त्या रात्री तुमच्या घरावर काय गुजरलं असेल याची कल्पना करवत नाही. तरी बंधनकारक करू नका असंच म्हणेन, कारण माझ्या बाबतीत कळवलं गेलं होतं.

मी तेव्हा १९ वर्षांची होते. समुपदेशक बाईंना विश्वासाने सगळं सांगितलं आणि त्यांनी मला न विचारता त्याच संध्याकाळी घरी फोन केला. दुसऱ्या दिवशी बाबा आले, सामान बांधलं. गावी आधी देवऋषी झाला, मग स्थळं बघणं सुरू झालं. ज्या गोष्टीमुळे मला जगणं नकोसं झालं होतं ती त्या घरातच होती. हे बाईंना माहीत नव्हतं, कारण मी तिथपर्यंत पोचलेच नव्हते. पुढची चार वर्षं मी कुणाकडे तोंड उघडलं नाही.

तुमच्या पुतण्याने दोनदा सांगितलं, कारण ते खोलीबाहेर जाणार नाही असं त्याला वाटत होतं. तुमचा नियम झाला तर पुढचा मुलगा एकदाही सांगणार नाही.

ओपीडीवाला
सरकारी रुग्णालयात २२ वर्षं मानसोपचार करतो. आधी एक चूक दुरुस्त करतो. 'कायदा आहे म्हणून सांगता येत नाही' हे तुम्हाला मिळालेलं उत्तर बरोबर नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा, २९ मे २०१८ पासून लागू. त्याचं २३वं कलम रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतं, आणि त्याच कलमात अपवादही आहेत. दुसऱ्या कुणाला इजा होणार असेल तर, आणि जिवाला असलेला धोका टाळायचा असेल तर माहिती देता येते. पण गरजेपुरतीच. म्हणजे "मुलगा सुरक्षित नाही, या" एवढं सांगता आलं असतं. कोणावर प्रेम आहे, बापाबद्दल काय बोलला, हे सांगायचं नाही. सायलीताईंच्या बाबतीत हीच रेघ ओलांडली गेली असं दिसतं.

मात्र 'कळवावंच लागेल' असं ते कलम म्हणत नाही, आणि म्हणू नये. मरणाचे विचार मनात येणं आणि माणूस आज रात्री धोक्यात असणं, यात फार अंतर आहे. ते अंतर समोर बसून मोजावं लागतं. काही ठरवलंय का, आधी प्रयत्न झाला होता का, खोलीत सोबत कोण आहे, रात्री झोप लागते का, हे आम्ही विचारतोच. विचार बोलून दाखवणाऱ्या प्रत्येकाच्या घरी फोन करायचा ठरला तर माझी अर्धी ओपीडी उद्या रिकामी होईल, आणि ती माणसं बरी झाली म्हणून नव्हे.

बहुतेक वेळा फोन रुग्णच करतो. मी त्याच्या शेजारी बसतो, म्हणतो, "तू लाव, मी बोलतो." नाही म्हणणारे फार थोडे.

काळा_कोट
डॉक्टर, पूर्ण सहमत नाही. 'सांगता येतं' एवढ्यावर सोडलं की घाबरलेला माणूस नेहमी गप्प राहतो. गप्प राहिल्याबद्दल कुणी जाब विचारत नाही ना!

अमेरिकेत हा वाद न्यायालयांत झालेला आहे. बर्कलीत १९६९ साली तारासॉफ नावाच्या तरुणीचा खून झाला. मारणाऱ्याने आपला इरादा आधीच विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञाला सांगितला होता. त्याने कॅम्पस पोलिसांना कळवलं, पण मुलीला कुणीच सावध केलं नाही. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये ठरवलं की ज्याच्या जिवावर बेतलंय त्याचं रक्षण करणं हेही उपचारकाचं कर्तव्य आहे. पण दोनच वर्षांनी एका आत्महत्येच्या प्रकरणात तिथल्याच अपील न्यायालयाने मानसोपचारतज्ज्ञावर आईवडिलांना कळवण्याचं तसं बंधन घालायला नकार दिला. उलट मेरीलँडच्या न्यायालयाने १९९१ मध्ये, १३ वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात, शाळेच्या समुपदेशकांवर ते बंधन आहे असं म्हटलं. म्हणजे वय आणि नातं पाहून उत्तर बदललं. आपल्याकडेही वयानुसार स्पष्ट नियम हवा, नुसती मुभा पुरणार नाही.

आणखी एक अडचण आहे. २०१७ च्या कायद्यातल्या 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' या व्याख्येत कॉलेजचा प्रत्येक समुपदेशक बसेलच असं नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. पण सहा महिन्यांचा डिप्लोमा करून पाटी लावणाऱ्याची तक्रार करायची कुणाकडे? कोरेगावकर म्हणतात तशी कारवाई करायला आधी माणूस कुठल्यातरी नोंदवहीत सापडायला हवा.

प्राध्यापिका_बाई
समुपदेशकांवर सगळं ढकलू नका. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. आमच्याकडे समुपदेशक बाई आठवड्यातून दोन दिवस येतात, तासावर पैसे. त्यांची खोली प्राचार्यांच्या केबिनला लागून आहे. आत कोण बसलंय ते अख्ख्या कॉलेजला दिसतं. गोपनीयतेची सुरुवात त्या दारापासून व्हायला हवी. आणि धोका वाटला तर रात्री नऊला त्यांनी कोणत्या डॉक्टरला फोन करायचा? असा नंबर त्यांना कुणी दिलेलाच नाही. १४४१६ वरचं टेली-मानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, आहे, तेही मुलांना भिंतीवरच्या पोस्टरमुळे माहीत झालं.

कोरेगावकर
सगळ्यांचं वाचलं. सायली, तुझं दोनदा वाचलं. देवऋषीचं वाचून मान खाली गेली, कारण पहिल्या आठवड्यात आमच्या घरीही तो विषय निघाला होता. तरी डॉक्टर, एक विचारतो. दोनदा सांगूनही निदान तुमच्यासारख्या कुणाकडे का पाठवलं नाही? संमतीचा प्रश्न घरच्यांसाठी असेल, डॉक्टरसाठीही होता का?

ओपीडीवाला
उपचारासाठी दुसऱ्या आरोग्य व्यावसायिकाला माहिती देणं हाही त्याच कलमातला अपवाद आहे. पाठवायला हवं होतं. याबाबत तुमची तक्रार शंभर टक्के रास्त आहे.

आणि एक तरतूद फार कमी लोकांना माहीत आहे. कलम १४ प्रमाणे सज्ञान माणूस साध्या कागदावर सही करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयात आपल्याला साथ देणारा माणूस, ठरवू शकतो. तो बापच असावा असं नाही. कुणालाच नेमलं नसेल तर बहुतेक वेळा नातेवाईकाकडे ती जबाबदारी येते. हा कागद पहिल्या भेटीतच भरून घ्यावा. 'धोका वाटला तर मी कुणाला फोन करू?' हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारला तर तो विश्वासघात वाटत नाही.

सायली
मला हा प्रश्न विचारला असता तर मी मावशीचं नाव दिलं असतं.

कोरेगावकर
काल शेतातून येताना पुतण्याला विचारलं, "तेव्हा घरी कळवलेलं चाललं असतं का रे?" बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "पप्पांना नको होतं. साताऱ्याच्या आत्याला चाललं असतं."

आत्याचा नंबर त्याला कुणी विचारलाच नव्हता.