मदत हवी आहे: कोकणातल्या एका गावाची १९५१ पासूनची लोकसंख्या राज्याशी कशी ताडून पाहावी?

नमस्कार मंडळी,

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्याचं काम चालू आहे आणि त्यासाठी आम्ही तिघा-चौघांनी गावाच्या लोकसंख्येचा जुना हिशेब मांडायला घेतलाय. गाव रिकामं होत चाललंय हे पारावर बसणारा कुणीही सांगेल. पण कधीपासून, किती आणि कशामुळे, हे कागदावर असल्याशिवाय नळयोजना असो की शाळा, कुणापुढे नीट बोलता येत नाही. मुख्य जनगणना फेब्रुवारी २०२७ मध्ये होणार आहे. त्याआधी जुना तक्ता तयार व्हावा अशी फार इच्छा आहे.

जिल्ह्यापुरतं चित्र मला जमलंय, ते आधी मांडतो. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १९९१ ला १५,४४,०५७ होती. २००१ ला ती १६,९६,७७७ झाली आणि २०११ ला १६,१५,०६९ वर आली. म्हणजे शेवटच्या दहा वर्षांत ८१ हजारांहून जास्त माणसं कमी. सिंधुदुर्ग त्याच काळात ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आला. राज्य मात्र ९.६९ कोटींवरून ११.२४ कोटींवर गेलं, जवळपास १६ टक्के वाढ. त्या दशकात अख्ख्या महाराष्ट्रात फक्त तीन जिल्ह्यांची लोकसंख्या घटली: हे दोन आणि मुंबई शहर. तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा तेवढ्याच काळात ३६ टक्क्यांनी वाढला, आणि त्या वाढीत आमच्या तालुक्यांची किती घरं आहेत हे नालासोपारा, दिवा, बदलापूरला गेलं की लक्षात येतं.

राज्यातला वाटा काढला तर घसरण जुनी आहे हेही दिसतं. १९९१ मध्ये दोन्ही जिल्हे मिळून राज्याच्या ३ टक्के होते, २००१ मध्ये २.६५, २०११ मध्ये २.१९. १९९१ ते २००१ मध्ये रत्नागिरीची लोकसंख्या जवळपास १० टक्के वाढली म्हणून आपण निश्चिंत होतो, पण राज्य तेव्हा २२.७ टक्के वाढलं होतं.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती बायकांची संख्या. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १९९१ ला १२०५ स्त्रिया होत्या, २००१ ला ११३६, २०११ ला ११२२. सिंधुदुर्गात २००१ ला १०७९, तर २०११ ला १०३६. राज्याचा आकडा ९२९. गिरणीच्या काळात बापय मुंबईला, बायको-पोरं-म्हातारी गावाला आणि महिन्याला मनीऑर्डर, असा संसार होता. त्यामुळे माणूस गेला तरी घर चालू राहायचं, पोरं गावच्याच शाळेत शिकायची. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, गिरणगावातली बिऱ्हाडं उपनगरांत पांगली, आणि त्यानंतर बिऱ्हाडच न्यायची पद्धत पडली. माझा कयास असा की बायकांचं प्रमाण उतरणं म्हणजे आता सगळं कुटुंबच उठतंय, आणि म्हणून पुढची पिढी गावात जन्मतच नाही. हे आकड्यांनी दाखवता येईल का, हाच माझा खरा प्रश्न आहे.

आमच्या वाडीत एका आजोबांच्या ओटीवर खुंट्यांना बंद घरांच्या चाव्या टांगलेल्या आहेत. प्रत्येक चावीला सुतळीने पुठ्ठ्याचा तुकडा बांधलाय, त्यावर घरवाल्याचं नाव. गणपतीच्या आधी ते एकेक घर उघडून झाडून घेतात, पाऊस कुठून शिरलाय ते बघून मुंबईला फोन करतात. सरकारदरबारी या घरांना घरपट्टी आहे, वीज मीटर आहे, मतदार यादीत नावं आहेत, रेशनकार्डंही आहेत. त्यामुळे कुठल्या कागदावरून माणसं मोजायची तेच कळत नाही. नळयोजनेत दर माणशी दिवसाला ५५ लिटर धरतात. ते जनगणनेच्या आकड्यावर धरलं तर गणपतीत आणि शिमग्यात टाकी पुरत नाही. मतदार यादीवर धरलं तर वर्षभर पंपाचं वीजबिल भरायला घरं नाहीत.

तर जाणकारांनी सांगावं. गावपातळीवरचे १९५१ पासूनचे आकडे कुठे मिळतील? गाव, महसुली गाव आणि वाडी यांच्या हद्दी बदलल्या असतील तर काय करायचं? तुलना सगळ्या राज्याशी करायची की दुसऱ्या कशाशी? आणि घट स्थलांतराची किती, कमी जन्मांची किती, हे वेगळं कसं काढायचं?

प्रतिसाद १

चांगलं काम हाती घेतलंय. मी जनगणनेच्या तक्त्यांवर बरीच वर्षं काम केलंय, जमेल तेवढं सांगतो.

गावनिहाय आकडे जिल्हा जनगणना पुस्तिकेत असतात आणि या पुस्तिका १९५१ पासून निघतात. जुन्या पुस्तिका जनगणना कार्यालयाच्या संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवल्या आहेत. १९५१, ६१, ७१ च्या पुस्तिकांत तुमचं गाव जुन्या अखंड रत्नागिरी जिल्ह्यात शोधा. सिंधुदुर्ग १ मे १९८१ ला वेगळा झाला. जिल्ह्याचे १९०१ पासूनचे आकडे हवे असतील तर आजच्या हद्दींना जुळवून दिलेला तक्ता वेगळा मिळतो, तोच वापरा. नाहीतर १९८१ च्या आसपास रत्नागिरीची लोकसंख्या एकदम घटल्यासारखी दिसेल.

गावाचा क्रमांक दर जनगणनेला बदलतो, त्यामुळे क्रमांकावर विसंबू नका. नाव, खुर्द-बुद्रुक, आणि गावाचं क्षेत्रफळ या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच तेच गाव समजा. क्षेत्रफळात अचानक फरक दिसला की हद्द बदलली असं धरा. मोजणी महसुली गावाची होते, वाडीची नाही. वाडीपुरता आकडा तुम्हाला स्वतःच काढावा लागेल.

तुलनेबद्दल माझं मत ठाम आहे: सगळ्या राज्याशी करू नका. त्यात मुंबई, ठाणे, पुणे आले की कुठलंही गाव खंगलेलंच दिसणार. राज्याच्या ग्रामीण भागाशी करा. २००१ ते २०११ मध्ये तो १०.४ टक्के वाढला, शहरी भाग २३.६ टक्के. तिथेही एक मेख आहे. लोकसंख्या ५,००० च्या वर, तीन चतुर्थांश कामकरी पुरुष शेतीबाहेर आणि चौरस किलोमीटरला ४०० माणसं, एवढं झालं की ग्रामपंचायत असूनही गाव जनगणनेत शहरी धरलं जातं. रत्नागिरीचा शहरी हिस्सा ११ टक्क्यांवरून १६ वर गेला, त्यातला काही भाग असा नुसत्या वर्गीकरणाचा आहे. म्हणून 'ग्रामीण रत्नागिरी' असा एकच आकडा घेऊ नका. १९९१ ला जी गावं होती तीच गावं शेवटपर्यंत धरून बेरीज करा.

जन्मांच्या प्रश्नासाठी ० ते ६ वयाची मुलं बघा. १९९१ पासून प्रत्येक गावाचा हा आकडा मिळतो. राज्यात या वयाच्या मुलांचा हिस्सा २००१ ला १४.१ टक्के होता, २०११ ला ११.९. म्हणजे मुलं सगळीकडेच कमी होतायत. तुमच्या गावाचा हिस्सा राज्यापेक्षा किती जास्त घसरला, तेवढाच तुमच्या कयासाला पुरावा.

प्रतिसाद २

दादा, ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीवर जाऊ नका बरं. मी लांज्याकडची, अंगणवाडीचं काम बघते. बाळंतपण जिथे होतं तिथे जन्म नोंदवला जातो. आमच्याकडच्या बाया तालुक्याच्या नाहीतर रत्नागिरीच्या दवाखान्यात बाळंत होतात, कुणी माहेरी, कुणी मुंबईला. म्हातारी माणसं मात्र घरीच जातात, त्यांच्या नोंदी गावात. नुसत्या त्या वहीवरून गावात मरणंच मरणं दिसतील. अंगणवाडीची कुटुंब पाहणी नोंदवही मागा, त्यात वाडीवार घर, माणसं, वयं सगळं असतं आणि कोण स्थलांतरित तेही लिहिलेलं असतं. शाळेचं जुनं जनरल रजिस्टरही बघा. दाखला घेऊन मूल कुठे गेलं ते त्यात सापडेल. तुमचा बायकांबद्दलचा मुद्दा मला मनापासून पटला. आमच्या वाडीत आता सून गावात राहायला येते ती लग्नानंतर पूजेपुरती.

प्रतिसाद ३

बायकांच्या प्रमाणाबाबत थोडं सांभाळून. निवृत्त होऊन गावी परतलेले पुरुष वाढले तरी ते प्रमाण उतरतं. जिल्ह्याचे वयोगटवार तक्ते घेऊन २० ते ३९ वयाच्या बायका वेगळ्या काढा, म्हणजे दोन्हींतला फरक कळेल.

आणि मोजणीचा महिना विसरू नका. २००१ ला आणि २०११ ला गणना ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. तेव्हा चाकरमानी गावात नसतो, पण आंब्याच्या बागांत राखणीला आलेले नेपाळी कामगार असतात. ते पूर्ण मुदत तिथेच असले तर तिथेच मोजले जातात. कलमबागा असलेल्या गावांचे आकडे वाचताना हे ध्यानात ठेवा.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. जन्मनोंदीची गोष्ट लक्षातच आली नसती, ताई, उद्याच अंगणवाडीत जातो. निवृत्तांचा मुद्दाही बरोबर आहे. आमच्याकडे तशी पाच-सहा घरं नक्की आहेत, वयोगट काढून बघतो.

आता ठरवलंय ते असं: १९५१ ते २०११ महसुली गावाचा तक्ता, शेजारी तालुक्यातली तीच ती गावं आणि राज्याचा ग्रामीण भाग. वाडीवार घरं आम्ही स्वतः मोजणार, एकदा ऑगस्टमध्ये गणपतीच्या आधी आणि एकदा फेब्रुवारीत. नळयोजनेसाठी दोन्ही आकडे वेगवेगळे देऊ.

एक अडचण उरलीय. १९६१ च्या पुस्तिकेतली आमच्या तालुक्याची पानं स्कॅनमध्ये इतकी पुसट आहेत की ३ आणि ८ वेगळे ओळखू येत नाहीत. कुणाकडे छापील प्रत असेल किंवा कुठल्या ग्रंथालयात पाहिली असेल तर कृपया कळवा, मी येऊन उतरवून घेईन.