मदत हवी आहे: मस्टँगच्या टायरमध्ये हवा किती ठेवावी?

नमस्कार मंडळी,

सेकंडहँड मस्टँग जीटी घेतली आहे, 19 इंची लो प्रोफाइल (म्हणजे बाजूची भिंत कमी उंचीची असलेले) टायर. राहायला कोथरूडला. रोजचं फिरणं शहरातच, रविवारी पहाटे ताम्हिणी, अधूनमधून एक्सप्रेसवेने मुंबई.

ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा आकडा थंड टायरसाठी असतो, हे माहीत आहे. पण पंपावर पोहोचेपर्यंत टायर तापतात, आणि हवा भरणारा म्हणतो, "साहेब, खड्डे आहेत, चार पॉइंट जास्त टाकतो." जास्त हवेने टायर मधेच झिजतो, पकडही कमी होते. कमी ठेवली तर खड्ड्यात रिम वाकायची भीती. मला तरी स्टिकरचाच आकडा बरोबर वाटतो.

प्रश्न असे: पावसाळ्यात ताम्हिणीच्या ओल्या वळणांसाठी तुम्ही हवा बदलता का? तापमानात 5-6 अंशांचा फरक पडला की साधारण 1 पीएसआयचा (हवेच्या दाबाचं एकक, पंपावाल्याचा "पॉइंट") फरक पडतो, मग एप्रिलच्या उन्हात आणि डिसेंबरच्या पहाटे वेगवेगळं तपासता का? साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरण्याचा खरंच उपयोग होतो का? आणि घरी तपासायला भरवशाचा गेज कोणता घ्यावा?

इंजिनची ताकद मागच्या चाकांना देणारी (रिअर-व्हील ड्राइव्ह) ताकदवान गाडी पुण्यात चालवणाऱ्यांनी कृपया स्वतःचे पुढचे-मागचे आकडे सांगा. पाऊस सुरू व्हायच्या आत हे नक्की करायचं आहे.